आधी त्यांचे नाव सांगा: ममी सांभाळणाऱ्या संग्रहालयांस खुले पत्र

प्रति,
ज्या ज्या संग्रहालयांत प्राचीन इजिप्तमधील मृतांचे देह ठेवलेले आहेत, तेथील विश्वस्त, संचालक आणि अभिरक्षक यांस,

सादर नमस्कार.

मी २८ वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवला. जमीन-महसुलाच्या पद्धती शिकताना पेंगणारा वर्ग पिरॅमिडचे चित्र निघाले की ताठ होऊन बसतो, हे मी दरवर्षी पाहिले. या ओढीला मी कधी पोरकट मानले नाही, कारण ती मलाही आहे. सुमारे तीन हजार वर्षे चाललेली राजसत्ता, देह टिकावा म्हणून घेतलेले अपार कष्ट, आणि कोरड्या वाळूने आपल्यासाठी राखून ठेवलेले पलंग, चपला, पाव आणि फुलांचे हार पाहून माणूस हरखून जातो, यात नवल नाही. तुमच्या संग्रहालयांतले सर्वांत गजबजलेले दालन बहुधा हेच असते. तुमच्याकडे येणाऱ्या या गर्दीतलीच एक म्हणून मी हे पत्र लिहीत आहे, आणि मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या मुलांना घेऊन मी अशाच एका दालनात गेले होते. काचेच्या पेटीत एक स्त्री निजलेली होती. पेटीवर टिचकी मारू नये, असे दोन भाषांत लिहिलेले होते; शेजारच्या पट्टीवर ‘इजिप्शियन ममी’ हे दोन शब्द, एक शतक आणि नोंदवहीतला क्रमांक होता. आमच्याबरोबरच्या मार्गदर्शकाने आवाज खाली आणून तुतानखामेनचे थडगे उघडणारे त्याच्या शापाने मेले अशी गोष्ट सांगितली, मुले एकमेकांना बिलगली, कुणी हसले, कुणी मोबाइल वर धरला. तेवढ्यात एका मुलीने मला विचारले, “बाई, हिचं नाव काय?” मी पट्टी पुन्हा वाचली, मार्गदर्शकाकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही गप्प राहिलो.

तो प्रश्न लहान मुलीने सहज विचारला होता, पण त्या पेटीतल्या स्त्रीच्या दृष्टीने दुसरा कोणताही प्रश्न इतका महत्त्वाचा नव्हता. माणूस ज्या घटकांनी बनतो असे प्राचीन इजिप्तचे लोक मानत, त्यांत देह आणि हृदय यांच्या जोडीने ‘रेन’ म्हणजे नाव हाही एक घटक होता. देह टिकला आणि नाव पुसले गेले, तर तो माणूस उरला असे ते समजत नसत. म्हणूनच एखाद्याला मृत्यूनंतरही शिक्षा करायची असेल तर त्याचे नाव छिन्नीने खरवडून काढले जाई. हॅटशेप्सुत या राणीचे, जिने फॅरो म्हणजे राजा म्हणून राज्य केले, आणि अखेनातेन या राजाचे नाव भिंतींवरून असेच काढले गेले. राजाचे नाव ज्या लांबट कड्यात लिहीत, ते कडे म्हणजे दोरीचे वेटोळे, नावाभोवती घातलेले संरक्षण होते.

याहून मनाला भिडणारी गोष्ट थडग्यांच्या दाराशी कोरलेली सापडते. अभ्यासक तिला ‘जिवंतांना आवाहन’ म्हणतात. थडग्यातला मनुष्य वाटेने जाणाऱ्याला थांबवतो आणि म्हणतो, पृथ्वीवर जगणाऱ्यांनो, या थडग्यावरून जाणाऱ्यांनो, माझ्यासाठी हजार भाकरी, हजार घडे बिअर, हजार बैल आणि हजार पक्षी असे नुसते म्हणा. काही ठिकाणी तो पुढे अशीही खात्री देतो, की यात तुमचे काही खर्च होत नाही, तोंडचा वारा तेवढा लागतो. ज्या समाजात आजही पितृपक्षात मृताचे नाव आणि गोत्र उच्चारल्याशिवाय तिलांजली सोडत नाहीत, त्या समाजातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपण गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लावतो, त्यांनी ‘ओसायरिस’ हे मृतांच्या देवाचे नाव लावले. मृत राजा असो की कारकून, त्याचा उल्लेख ‘ओसायरिस अमुक’ असाच होई. तुमच्या दालनात आलेला प्रत्येक माणूस म्हणजे त्या दारावरून जाणारा वाटसरू आहे, आणि त्याला उच्चारायला नावच दिले जात नाही, ही माझी तक्रार आहे.

ही नावे आपल्यापर्यंत पोचणे किती अवघड होते, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख इ.स. ३९४ मध्ये फिले बेटावरील देवळात कोरला गेला. त्यानंतर ती लिपी वाचणारा कुणी राहिला नाही. पुढे १४२८ वर्षांनी, १८२२ च्या सप्टेंबरात, शाँपोलियन या फ्रेंच अभ्यासकाने एका कड्यातले सूर्याचे वर्तुळ ‘रा’ असे वाचले, त्यापुढची चिन्हे ‘मेस’ आणि ‘स’ अशी लावली, आणि रामसेस हे नाव पुन्हा माणसाच्या तोंडी आले. प्राचीन भाषेचा वारसा सांगणारी कॉप्टिक भाषा त्याने आधीच आत्मसात केली होती, म्हणून हे साधले. प्राचीन इजिप्तविषयीच्या ज्ञानाची सारी इमारत अशी नावे वाचण्यावर उभी आहे, आणि तरीही आपल्या प्रदर्शनांत नाव शेवटी येते किंवा येतच नाही.

राजांच्या देहांचे जे झाले त्याची हकीकत मी मुलांना नेहमी चोरांपासून सांगत असे. नवव्या रामसेसच्या काळात, इ.स.पू. ११०० च्या सुमारास, थडगी फोडणाऱ्यांवर खटले चालले आणि त्यांचे कबुलीजबाब पपायरसवर उतरवले गेले. आमेनपानुफेर नावाचा एक पाथरवट सांगतो, की त्याने आणि त्याच्या साथीदारांनी सोबेकेमसाफ राजाचे थडगे फोडले, राजाच्या गळ्यातले सोने आणि ताईत ओरबाडले, शेजारी असलेल्या राणीचेही तसेच केले, आणि शवपेट्यांना आग लावली. आठ जणांच्या वाट्याला १६० देबेन सोने आले, म्हणजे आजच्या मापाने जवळजवळ साडेचौदा किलो. चोराचे नाव टिकले, त्याचा जबाब टिकला. त्या राजाचा देह मात्र नाहीसा झाला.

पुढे एकविसाव्या राजवंशाच्या काळात थीब्ज नगरीच्या पुरोहितांनी उरलेले देह थडग्यांतून बाहेर काढले, नव्याने गुंडाळले, आणि दैर अल-बहरीच्या डोंगरकड्यात खोल विवर शोधून तेथे एकत्र लपवले. त्यांच्या हेतूंबद्दल मी भोळेपणाने बोलत नाही. राजांच्या अंगावर उरलेले सोने त्याच काळात राज्याच्या तिजोरीत गेले असावे. पण त्यांनी एक काम केले, ज्यासाठी मी त्यांना तुमच्या व्यवसायाचे पूर्वज मानते. त्यांनी कापडावर आणि शवपेटीवर शाईने लिहून ठेवले, की हा अमुक राजा, याला अमुक वर्षी येथे हलवले. दुसऱ्याच पेटीत, साध्या कापडात, दागिन्यांविना पडलेल्या त्या देहांना नाव राहिले ते त्या ओळींमुळे.

हे विवर कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल कुटुंबाला सापडले आणि काही वर्षे ते त्यातल्या वस्तू गुपचूप विकत राहिले. घरात भांडण झाले, गुपित फुटले, आणि जुलै १८८१ मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचा एमिल ब्रुग्श त्या विवरात उतरला. मेणबत्तीच्या उजेडात त्याच्यासमोर तिसरा थुतमोस, पहिला सेती, दुसरा रामसेस अशी नावे एकामागून एक येत गेली. दोन दिवसांत सगळे बाहेर काढून बोटीवर चढवले गेले. ती बोट नाईलमधून उत्तरेकडे निघाली तेव्हा काठच्या गावांतल्या बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत होत्या आणि पुरुष बंदुकीचे बार काढत होते, घरचे मयत निघावे तसे. आणि कैरोच्या वेशीवर जकात अधिकाऱ्याला आपल्या यादीत राजांसाठी कोणतेच नाव सापडेना, म्हणून त्याने त्यांची नोंद सुकवलेली मासळी अशी केली, असे सांगतात. त्या बायकांना बोटीत कोण आहे हे कळले होते. अधिकाऱ्यापुढे मात्र नुसता माल होता. नोंदवहीतला क्रमांक लावून आपण कोणत्या बाजूला उभे राहतो, याचा विचार व्हावा.

१८८६ मध्ये इजिप्तचे शासक खेदिव तौफीक यांच्यासमोर पुरातत्त्व खात्याचा प्रमुख मास्पेरो याने दुसऱ्या रामसेसचे कापड उलगडले, तेव्हा हा रामसेसच आहे हे सांगता आले तेही पुरोहितांच्या त्या शाईच्या ओळींमुळे. त्याच्या नाकपुड्यांत काळी मिरी भरलेली आढळली. मिरीचा वेल मूळचा दक्षिण भारतातल्या सह्याद्रीच्या पावसाळी रानातला. इ.स.पू. १२१३ च्या सुमारास वारलेल्या राजाच्या देहात आपल्याकडची मिरी पोचली होती, हे वर्गात सांगितल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येई ते कोणत्याही शापाच्या गोष्टीने कधी आले नाही. १९७६ मध्ये या देहाला बुरशी लागली म्हणून तो पॅरिसला नेला, तेथे त्याला राष्ट्रप्रमुखाप्रमाणे लष्करी मानवंदना मिळाली आणि गॅमा किरणांनी बुरशी मारली गेली. नाव माहीत असलेल्या माणसाशी जग असे वागते.

नाव हरवलेल्याशी कसे वागते, याचेही उदाहरण आहे. एक राजस देह, हात छातीवर दुमडलेला, एकोणिसाव्या शतकात नायगाराच्या एका कुतूहलालयात पोचला आणि शंभराहून अधिक वर्षे विचित्र प्राण्यांच्या संगतीत पडून राहिला. अटलांटाच्या संग्रहालयाने तो संग्रह १९९९ मध्ये विकत घेतला, तपासण्या केल्या, आणि हा बहुधा पहिला रामसेस असावा असा निष्कर्ष निघताच २००३ मध्ये तो देह इजिप्तला परत दिला. त्या संग्रहालयाचे मला मनापासून कौतुक आहे, कारण त्यांनी गर्दी खेचणारी वस्तू राखून ठेवण्याऐवजी तिला माणूस मानले.

तुतानखामेनविषयी लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते, कारण तुमच्या दुकानांतल्या कपांवर आणि टोप्यांवर त्याचाच मुखवटा असतो. नोव्हेंबर १९२२ मध्ये उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना त्याच्या थडग्याची पहिली पायरी लागली. त्यात ५ हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. तीन वर्षांनी शवपेटी उघडली तेव्हा अंत्यविधीत ओतलेल्या राळेने देह पेटीला आणि मुखवटा डोक्याला घट्ट चिकटलेला होता. उन्हात ठेवूनही राळ सुटली नाही, म्हणून गरम सुऱ्या वापरल्या गेल्या, मस्तक आणि हातपाय वेगळे केले गेले, मग ते वाळूवर जुळवून ठेवले गेले. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास गेलेल्या मुलाचा तो देह होता. उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये वारले हे खरे, परंतु थडग्याच्या दारावर शाप कोरलेला नव्हता, आणि देहाला प्रत्यक्ष हात लावणारा कार्टर १९३९ पर्यंत जगला. या कथेत कुणावर अत्याचार झाला असेल तर तो त्या मुलावर झाला, आणि आम्हांला मात्र शंभर वर्षे उलटे सांगितले गेले, की त्यानेच आमचा सूड घेतला. शापाची गोष्ट ऐकून मूल मृताला भिते. ही हकीकत ऐकून ते त्याच्याजवळ जाते. तुमच्या मार्गदर्शकांनी शापाची गोष्ट सांगणे थांबवावे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

त्याच थडग्यात दोन अगदी लहान शवपेट्या होत्या. त्यांत जन्मापूर्वीच गेलेली दोन बाळे होती, बहुधा त्याच्याच मुली. पेट्यांवर फक्त ‘ओसायरिस’ एवढेच लिहिले आहे. त्यांना नाव मिळालेच नव्हते.

नाव नसलेल्यांबाबत तुमची अडचण मला समजते. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी देह एकीकडे आणि शवपेटी दुसरीकडे विकली, चांगली किंमत यावी म्हणून परक्या पेटीत परका देह घातला; त्यामुळे पेटीवर नाव असले तरी आतला माणूस तोच असेल असे म्हणता येत नाही. मग पट्टीवर तेच लिहा. पेटीवरचे नाव अमुक, देह त्याच व्यक्तीचा असल्याची खात्री नाही, कापड अमुक काळचे, दातांवरून वय इतके, आणि हा देह अमुक साली अमुक मार्गाने आमच्याकडे आला. एवढे प्रामाणिक वाक्य दहावीच्या मुलालाही कळते. स्त्रीचा देह दिसला की तिला राजकन्या म्हणण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी; ती पुरोहिताची मुलगी असेल, गाणारी असेल, गृहिणी असेल, आणि तिचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

नावे परतही येतात. राजांच्या दरीतील एका थडग्यात १८९८ मध्ये लांब केसांच्या एका स्त्रीचा देह सापडला आणि अभ्यासकांनी तिला ‘वयस्क स्त्री’ एवढेच म्हटले. तुतानखामेनच्या थडग्यात, तिये या राणीच्या नावाच्या चिमुकल्या पेटीत, केसांची एक बट ठेवलेली होती. त्या बटेची तुलना झाली, पुढे २०१० मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले, आणि ११२ वर्षांनी ती स्त्री तुतानखामेनची आजी तिये ठरली. नातवाने आजीचे केस सोबत नेले होते! तिच्या शेजारी सापडलेली तरुण स्त्री डीएनएनुसार त्याची आई आहे, आणि तिचे नाव अजून कुणाला सांगता येत नाही. या दोघींची गोष्ट ज्या दालनात सांगितली जाईल, तेथे कोणत्याही शिक्षिकेला मुलांना गप्प बसवावे लागणार नाही.

देह झाकून ठेवावेत, असे माझे म्हणणे नाही. इजिप्तमध्येही या प्रश्नाची उत्तरे बदलत आली आहेत: राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९८० मध्ये कैरोतील राजांच्या ममींचे दालन बंद करवले, ते १९९४ मध्ये पुन्हा उघडले, आणि ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्या २१ तोफांच्या सलामीने कैरोतीलच फुस्तात भागातल्या नव्या संग्रहालयात नेल्या गेल्या. मँचेस्टरच्या संग्रहालयाने २००८ मध्ये काही देहांवर चादरी घातल्या होत्या आणि लोकांच्या नाराजीनंतर त्या काढल्या. मला स्वतःला चादर पटत नाही. त्या लोकांनी लपून राहण्यासाठी एवढा खटाटोप केला नव्हता, त्यांना आठवले जावे असे वाटत होते. फुस्तातच्या त्या दालनात मी गेले आहे. तेथे उजेड मंद आहे, छायाचित्रे घेऊ देत नाहीत, आणि लोक आपोआप हळू बोलतात. मी सेकेनेनरे ताओ या राजापाशी थांबले, ज्याच्या कवटीवर कुऱ्हाडीचे घाव दिसतात, आणि सहज ओठांत त्याचे नाव म्हटले. शेजारच्या एका इजिप्शियन आजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

देह उलगडण्याचीही आता गरज उरलेली नाही. पहिल्या अमेनहोतेप राजाचे कापड आधुनिक काळात कुणी सोडलेले नाही, त्याच्या मुखवट्यावर फुलांचे हार अजून आहेत; तरी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासातून त्याचे सुमारे ३५ वर्षांचे वय, उंची आणि कापडाआडचे ३० ताईत कळले. ज्यांच्याकडे न उलगडलेले देह आहेत, त्यांनी ते तसेच ठेवावेत.

आपल्या देशात असे देह कोलकाता, जयपूर, हैदराबाद, वडोदरा येथे आहेत. हैदराबादच्या देहाच्या जतनासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील तज्ज्ञांची मदत घेतली गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये पावसाचे पाणी शिरले तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी पेटी फोडून तुतू नावाच्या स्त्रीचा देह पाण्यातून वाचवला. तुमची माणसे या मृतांची काळजी घेतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पट्टीवरच्या एका ओळीसाठी मी इतके लिहिण्याचे धाडस केले.

ती ओळ सर्वांत वर असावी आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत असावी. ती स्थानिक भाषेत, मुलांना उच्चारता येईल अशी असावी. त्या लिपीत स्वर लिहीत नसत म्हणून उच्चार नेमका सांगता येत नाही, हे कारण पुढे करू नये, कारण हित्ती या समकालीन साम्राज्याच्या लोकांच्या पत्रव्यवहारात रामसेसचे नाव ‘रिआमशेश’ असे स्वरांसह आले आहे आणि त्यांनी आपल्या जिभेला जमेल तसे ते लिहून घेतले होते. देवनागरीला तेवढे जमते. आणि पुढची सहल दाराशी आली की मार्गदर्शकाने काहीही सांगण्याआधी ते नाव मोठ्याने म्हणावे, मुलांना म्हणू द्यावे, मग आत सोडावे.

आपली नम्र,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका